थांबले तर पास

आमचे सर पोस्टर बघून तपासत नसत, चालून तपासत. कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर लांब व्हरांडा होता. तिथल्या भिंतीवर एका वेळी एकच पोस्टर लावायचं आणि बाकी सगळ्यांनी समोरच्या कठड्याला टेकून गप्प उभं राहायचं. मग सर जिन्यातून वर येत. एका हातात मिटलेली छत्री, दुसऱ्या हातात बाजाराची नायलॉनची पिशवी, कपाळावर आठ्या, आणि तोंडाने इलिश मासा आज ताजा नव्हता अशी बंगालीतून तक्रार. त्या वेळी ते आमचे सर नसत. ते ‘चालता माणूस’ असत. पोस्टर चालत्या माणसासाठी असतं, आणि कलकत्त्यातला चालता माणूस मनात माशाचाच विचार करत असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. गंमत म्हणजे सर स्वतः मासे खात नसत. घरात त्यांच्या म्हाताऱ्या आत्या होत्या आणि आत्यांच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा आलेलं नव्हतं.

पोस्टरपाशी येऊन सर थांबले तर पास. नाही थांबले तर ते तसेच पुटपुटत व्हरांड्याच्या टोकाला जात, पलीकडच्या जिन्याने खाली उतरत आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेत. नापास हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. आम्ही वरून त्यांना मातीच्या भांड्यात फुंकर मारताना बघायचो आणि ज्याचं पोस्टर असेल तो मुकाट्याने पिना काढू लागायचा. चहा झाला की सर पुन्हा छत्री-पिशवी घेऊन पुढच्या पोस्टरसाठी वर येत. वर्ग कच्चा निघाला की सरांना त्या दिवशी फार चहा होई.

त्यांच्या आणखी तऱ्हा होत्या. पहिल्याच दिवशी ते सगळ्यांची खोडरबरं गोळा करून एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालत आणि डब्याला कुलूप लावत. चुकलेली रेघ पुसायची नाही, तिला काहीतरी काम द्यायचं. कागद खराब झाला म्हणून दुसरा घ्यायचा नाही. पांढरा रंग बाटलीतून काढायचा नाही, तो कागदात असतोच, तो फक्त सांभाळायचा. आणि काम झालं असं वाटलं की चष्मा काढून बघायचं. चष्मा काढल्यावर जे उरतं ते पोस्टर, बाकीची हौस. ज्यांना चष्मा नव्हता त्यांना ते स्वतःचा द्यायचे. तो घातला की तसंच सगळं धूसर दिसायचं.

माझ्या बाबतीत एक जादा गोष्ट होती. आम्ही दोघं मराठी. माझे बाबा रेल्वेत, बदलीवर आलेले, गार्डन रीचच्या क्वार्टर्समध्ये आमचा मुक्काम. सरांचं घराणं मात्र आजोबांपासून तिथल्याच बालीगंजचं. त्यांची आई लवकर गेली आणि आत्यांनी त्यांना वाढवलं, त्यामुळे मराठी त्यांना आत्यांच्याच तोंडून आली होती. शाळा बंगाली, मित्र बंगाली, कॉलेज इंग्रजी. म्हणजे सहा फूट उंच, पिकल्या दाढीचा हा माणूस मराठी बोलायला लागला की थेट विहिरीवरच्या बायकांसारखा बोलायचा. "अगो बाई", "जळ्ळं मेलं ते लक्षण", "डोळे आहेत की बटणं शिवलीयेत". आपण काही वेगळं बोलतोय याची त्यांना कल्पनाच नव्हती.

वर्गात ते सगळ्यांशी बंगालीत किंवा इंग्रजीत बोलत. कडक बोलायचं झालं की माझ्याकडे वळून मराठीत बोलत, म्हणजे चारचौघांत माझा अपमान नको. हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा झाला की ते मला "मेले, हे पोस्टर आहे की लग्नातलं रुखवत?" म्हणत असायचे आणि सगळा वर्ग कौतुकाने बघत असायचा की बघा, आपल्या गावच्या मुलीशी सर किती मायेने बोलतात. माझ्या मैत्रिणींना माझा हेवा वाटायचा.

रुखवताचं बोलणं मी खरंच ऐकून घेतलं होतं. वर्गाला काम असं दिलेलं होतं की आपल्या ओळखीच्या माणसांना खरोखर हवं असलेलं पोस्टर हाताने काढायचं आणि ते खरोखर जिथे लागणार तिथे लावायचं. पहिली तपासणी व्हरांड्यात, राहिलं तर दुसरी थेट त्या जागी. मी आमच्या मराठी मंडळाची कोजागिरी घेतली. पहिल्या खेपेला मी त्यात काय घातलं नाही? चंद्र, झाडं, टिपऱ्या, नऊवारीतल्या बायका, दुधाचे पेले, वर तोरण. सर व्हरांड्यातून आले, इलिशला नावं ठेवत माझ्या तोरणाखालून गेले आणि टपरीवर पोचले. त्यांनी पाऊल हळूसुद्धा केलं नाही.

एरवी मी रडून मोकळी झाले असते. पण त्याच आठवड्यात बाबांची नागपूरला बदली आली. मला हॉस्टेलवर ठेवायचं की बरोबर न्यायचं यावर घरात जेवताना रोज तोच विषय. बाबा दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मुलगी ज्यात पासच होत नाही त्यासाठी तिला परक्या गावात एकटं का सोडायचं. शेवटी ते म्हणाले, "दुसऱ्या वेळी पास झालीस तर राहा. नाहीतर चल आमच्याबरोबर, बी.कॉम.ला घालतो." आणि त्यांनी तिघांचंही रिझर्वेशन करून टाकलं, कोजागिरीनंतरच्या आठवड्यातलं. माझं तिकीट हवं तर रद्द करता येईल, असं म्हणाले. या विषयात दुसऱ्या खेपेलाही राहिलं तर वर्षच जायचं, तेव्हा तिसरी खेप नव्हती.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले. सगळी गर्दी काढून टाकली. जाड कागदाचा मोठा ताव बोर्डावर ताणून चिकटवला, मधोमध एक भला मोठा गोल पांढरा सोडला आणि भोवती गडद निळा भरला. कागदाचाच पांढरा चंद्र. खाली अक्षरांना जागा. चष्मा नाही तरी डोळे किलकिले करून बघितलं, आणि मला स्वतःलाच थांबावंसं वाटलं. फक्त निळा वाळेना. दुर्गापूजेच्या दिवसांतली कलकत्त्याची हवा म्हणजे पापडसुद्धा वाळवायची सोय नाही. म्हणून बोर्ड हॉलच्या कोपऱ्यात पंख्याखाली आडवा ठेवला आणि मी मैत्रिणींबरोबर मंडप बघायला गेले.

त्या दिवशी दसरा होता.

परत आले तर आईने पूजा मांडली होती. पाटावर सरस्वती काढलेली पाटी, बाबांची मोजायची टेप आणि लॅपटॉप, तिचं शिवणाचं मशीन, कात्री, अडकित्ता, माझे ब्रश, रंगांच्या बाटल्या. आणि सगळ्यांच्या मधोमध माझा बोर्ड. चंद्राच्या बरोबर मध्ये, जिथे कागद कोरा होता तिथे, ओल्या बोटाने हळदीचा मोठा टिळा लावलेला. हळद कागदात पसरून जवळजवळ सगळा गोल पिवळा झाला होता. त्यावर कुंकू, आणि कुंकवाचे बारीक तंतू त्या पिवळ्यात उतरलेले. निळ्यावर अक्षता वाहिलेल्या, त्या ओल्या रंगात रुतून बसलेल्या. कडेला झेंडूचं फूल.

मी काय बोलले ते मला नीटसं आठवत नाही, आणि आठवलं तरी इथे लिहिणार नाही. आई हातातलं निरांजन घेऊन तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात ना गं. तुझं हत्यार तेच." तिच्या हाताची बोटं अजून पिवळी होती. तिला ओरडावं की मिठी मारावी तेच मला कळेना, म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

दुसरा ताव मिळायची सोय नव्हती. एक तर सरांचा नियम, आणि नियम मोडायचा म्हटला तरी पूजेच्या दिवसांत त्या शहरात रंग-कागदाचं दुकान उघडं सापडत नाही. लक्ष्मीपूजा होईपर्यंत सगळे सुट्टीवर. आणि तिथली लक्ष्मीपूजा म्हणजेच आमची कोजागिरी. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्ड आईच्या जुन्या साडीत गुंडाळला आणि सरांकडे मुदत मागायला निघाले. बसमध्ये लोकांनी मला आपण होऊन जागा करून दिली. साडीत गुंडाळलेलं एवढं मोठं काही सांभाळून नेतेय म्हणजे देवाची तसबीर असणार, असं त्यांना वाटलं असावं. रस्त्याच्या कडेने मंडपांचे बांबू उतरवत होते.

बालीगंजच्या त्या फ्लॅटचं दार आत्यांनीच उघडलं. लहानशा, पांढऱ्या केसांच्या, चष्म्याशिवाय वावरणाऱ्या, कारण चष्म्याने नाकावर खूण पडते. मी दसऱ्याची भेटायला आलेय असं त्या धरूनच चालल्या. आधी कांचनाची पानं माझ्या हातावर ठेवली, तिथे सोनं म्हणून तीच देतात, आणि मग नारळाचा लाडू. सर आतून लुंगीवर आले. मी साडी सोडली, बोर्ड भिंतीला टेकवला आणि काही सांगायच्या आत आत्या पुढे झाल्या. त्यांनी टिळा बघितला आणि दोन्ही हात जोडून पोस्टरला नमस्कार केला. मग मागे वळून म्हणाल्या, "बाळ, चपला काढ."

सरांनी खरंच चपला काढल्या. साठीला आलेला, शहरभरच्या पोरांना धडकी भरवणारा माणूस माझ्या बिघडलेल्या पोस्टरपुढे अनवाणी उभा होता. मला हसू आलं, आणि हसताहसताच रडू फुटलं. मी सगळं सांगितलं, बाबांचं, नागपूरचं, तिकिटाचं. सर ऐकत होते. मग म्हणाले, "रडायचं तर तिकडे खिडकीशी जा, मेले. कागदावर पाणी पडेल." मुदत नाही म्हणाले. कोजागिरी कोजागिरीलाच असते, तिचं पोस्टर नंतर कोण बघणार? नवा कागदही नाही. मी विचारलं, मग या टिळ्याचं करू काय? त्यावर ते म्हणाले, "आईने तुझ्या चंद्राला हळदीकुंकू लावलं. आता तो चंद्र राहिला नाही एवढं तर मलाही दिसतंय. काय झालाय ते तू सांगायचंस, मी नाही." आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

मला त्यांचा मनस्वी राग आला. हातात ब्रश घेऊन दोन फटकारे मारले असते तर काय बिघडलं असतं? पण मुलांच्या कागदाला त्यांनी आयुष्यात कधी हात लावला नाही. तेवढ्यात आत्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली. बासुंदीसाठी दूध ठेवलं होतं आणि त्यांना फुलवाल्याकडे खाली टोपली सोडायची होती. "बघ हो जरा," म्हणाल्या, "गॅस बारीक कर वर यायला लागलं की. उतू जाऊ देऊ नकोस."

मी गॅसपाशी उभी राहिले. नाक ओढत, खाली मान घालून. मोठं पातेलं, त्यात केशर घातलेलं पिवळं दूध, त्यात केशराच्या काड्यांभोवती उतरलेली लालसर रेघ. वरून बघितलं की नुसता गोल. कडेला फेस जमायला लागला, आणि तो गोल हळूहळू मोठा व्हायला लागला.

दूध गेलं उतू. मी गॅस बारीक करायचा सोडून बाहेर पळाले होते, पोस्टर बघायला. आत्या टोपली ओढायची सोडून धावत आल्या आणि ओटाभर सांडलेलं दूध बघून त्यांनी मला जी भाषा ऐकवली ती ऐकून सरांची मराठी कुठून आली ते मला पूर्ण कळलं. सर वर्तमानपत्राआडून हलले नाहीत. मी ओटा पुसून दिला, बोर्ड साडीत गुंडाळला आणि पळत सुटले.

पुढचे दिवस मी खोलीतून फारशी बाहेर आले नाही. घरात खोकी बांधायचं काम चाललं होतं. बाबा ताटं-वाट्या वर्तमानपत्रात गुंडाळत, आणि माझ्या दारापर्यंत येऊन परत जात. मी पिवळ्याला हात लावला नाही, कुंकवाच्या काड्यांनाही नाही. फक्त ओल्या फडक्याने निळ्याची आतली कड टिपून टिपून उचलली. तिथे कागद पुन्हा पांढरा, भुरभुरीत झाला आणि गोलाला फेस आला. एका बाजूने तो फेस थोडा जास्तच वर काढला, निळ्यावर ओघळेल इतका. दोन बाजूंना पातेल्याचे कान. अक्षता वाळल्यावर एकेक उचलल्या, खाली पांढरे दाणे राहिले होते, ते तसेच ठेवले. ज्याला चांदण्या हव्यात त्याने चांदण्या म्हणाव्यात. खाली मोठ्या अक्षरांत ‘कोजागिरी’ आणि त्याखाली ‘दूध तापतंय. या.’ एवढंच. अक्षरांत एक रेघ चुकली, ती जाड करून कामाला लावली. आई चहा ठेवायला यायची आणि दारातूनच विचारायची, आत येऊ का? तिला वाटायचं, तिची सावली पडूनसुद्धा काही बिघडेल.

कोजागिरीच्या संध्याकाळी बालीगंजमधल्या मंडळाच्या भाड्याच्या हॉलपाशी फाटकालगतच्या भिंतीवर मी पोस्टर लावलं. समोरच्या फुटपाथवर बाबा उभे होते, हातांची घडी घालून. आई त्यांच्या मागे. शेजारच्या इमारतीतून लक्ष्मीपूजेचे शंख ऐकू येत होते, दाराशी तांदळाच्या पिठाची पावलं काढलेली. मंडळाची माणसं येत होती, फाटकातून आत जात होती, पण मला त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं. मी फक्त छत्री आणि पिशवीची वाट बघत होते.

ती आली. कोपऱ्यावरून सर वळले, त्याच आठ्या, तेच पुटपुटणं. फक्त आज छत्रीच्या हातात आत्यांचा हात अडकवलेला होता, कारण त्याही दूध प्यायला निघाल्या होत्या. सर सरळ समोर बघत होते. पोस्टर त्यांच्या उजव्या हाताला आलं. त्यांनी इलिशबद्दल काहीतरी म्हटलं. पोस्टर मागे पडायला लागलं. त्यांनी मान वळवली नाही, पाऊल हळू केलं नाही. समोर बाबांनी हातांची घडी सोडली. त्यांचा चेहरा बघवेना. त्यांनाही मी हरायला नको होतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

आणि सरांना मागून हिसका बसला. आत्या थांबल्या होत्या. चष्मा नव्हताच. त्या भिंतीकडे तोंड करून, मान पुढे काढून, डोळे बारीक करून बघत होत्या. मग त्यांनी सरांचा हात जोराने ओढला.

"बाळ," त्या म्हणाल्या, "गॅस बारीक कर आधी. उतू चाललंय."

सर थांबले. हात ओढला गेल्यामुळे असेल, पण थांबले. मागे वळून त्यांनी पोस्टरकडे बघितलं. चष्मा काढला, पिशवी छत्रीच्या दांड्याला अडकवली आणि बराच वेळ तसंच बघितलं. एकटे असते तर ते थांबले असते का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आजवर ज्या माणसाने परीक्षेला कधी कुणाला बरोबर आणलं नव्हतं त्याने त्या दिवशी आत्यांना नेमक्या भिंतीच्या बाजूला का धरलं होतं, हेही नाही.

मग ते माझ्यासमोर आले. मी मराठी ऐकायची तयारी केली. चांगलं सहन करायचं ठरवलं होतं, बाबांसमोर असलं तरी. सर माझ्याकडे बघून, सगळ्या फुटपाथला ऐकू जाईल अशा आवाजात, बंगालीत म्हणाले, "एबार होयेछे." या खेपेला जमलं.

एवढं बोलून आत्यांना घेऊन ते फाटकातून आत गेले. जाताना आत्या विचारत होत्या, गॅस कुणी बंद केला का.

बाबा रस्ता ओलांडून आले. इतकी वर्षं राहूनही त्यांची बंगाली भाजीच्या पुढे गेली नव्हती. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बाबा, माझं तिकीट रद्द करा."